गाडी लेट झाली, पासधारकाचे काय?

रेल्वेच्या पार्सलमधून मुंबईला पाठवलेली देवगड हापूसची पेटी वाटेत गाडी रखडल्यामुळे सडली, तर मालकाने काय करायचे हे 1989 च्या रेल्वे कायद्यात लिहून ठेवलेले आहे. कलम 95 नुसार उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने किंवा आपला हलगर्जीपणा नसताना झाला हे रेल्वेने सिद्ध करायचे. ते जमले नाही तर नुकसानीची जबाबदारी रेल्वेची. तशाच रखडलेल्या दुसऱ्या गाडीच्या जनरल डब्यात कुडाळहून मडगावला कामाला निघालेला पासधारक दोन तास उशिरा पोचला आणि त्याचा अर्धा दिवस कापला गेला, तर त्याच्यासाठी मात्र या कायद्यात असे कलम नाही. आंब्याला जे आहे ते माणसाला नाही.

तरीही पासधारकाच्या हातात काहीच नाही, असे समजून गप्प बसण्याचे कारण नाही. रस्ता आहे. तो रेल्वेच्या खिडकीतून जात नाही, ग्राहक आयोगाच्या दारातून जातो, आणि तिथवर पोचायला पासाहून जास्त महत्त्वाचे असतात ते त्या त्या दिवशी जमवलेले पुरावे.

आपोआप मिळेल असे काय?

सरळ उत्तर असे: गाडी कितीही लेट झाली तरी मासिक किंवा त्रैमासिक पासावर भारतीय रेल्वे एक रुपयाही आपोआप परत देत नाही. कोकण रेल्वेही नाही.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे आहे. तिथल्या बहुतेक रेल्वे कंपन्यांत 'डिले रिपे' नावाची योजना चालते. गाडी 15 मिनिटे लेट झाली तर एकेरी भाड्याचा चौथा हिस्सा, 30 मिनिटांना निम्मे आणि तासाला पूर्ण भाडे मिळते. पासधारकही त्यात येतात. त्यांच्यासाठी मासिक पासाची किंमत 40 ने भागून एका फेरीचे भाडे काढतात. वार्षिक पास असेल तर 464 ने. लंडनच्या उपनगरांतून रोज कामाला जाणारी मराठी मंडळी मोबाइलवरून हा दावा 28 दिवसांच्या आत दाखल करतात. जर्मनीत देशभर चालणारे मासिक तिकीट असलेल्याला तासाभराच्या उशिराला दीड युरो मिळतो, पण 4 युरोपेक्षा कमी रक्कम दिली जात नाही, म्हणून तीन उशीर साठवून एकदम मागावे लागतात.

हेच गणित आपल्याकडे लावले तर काय हाती लागेल? दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण 15 एकेरी भाड्यांच्या हिशोबाने मिळतो. समजा एकेरी भाडे 30 रुपये आहे. पास झाला 450 रुपयांचा. महिन्याचे 25 दिवस ये-जा म्हणजे 50 फेऱ्या, म्हणजे एका फेरीला 9 रुपये. निम्मे भाडे परत मिळाले तरी साडेचार रुपये. पासधारकाचे खरे नुकसान पासाच्या किमतीत नसते. ते कापलेल्या पगारात, चुकलेल्या मुलाखतीत, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये हुकलेल्या तपासणीच्या तारखेत असते. म्हणून पासधारकाची मागणी 'माझे भाडे परत द्या' अशी नसावी. 'माझे झालेले नुकसान भरून द्या' अशी असावी. या दोन मागण्यांची दारे वेगळी आहेत, आणि चुकीच्या दारावर टकटक केली की अर्ज परत येतो.

'तेजस'बद्दलचा गैरसमज

"तेजस लेट झाली की पैसे मिळतात" हे वाक्य सावंतवाडीपासून दादरपर्यंत ऐकू येते. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये आयआरसीटीसीने लखनौ-नवी दिल्ली तेजस एक्सप्रेस सुरू केली आणि जानेवारी 2020 मध्ये अहमदाबाद-मुंबई तेजस. या दोन गाड्यांना तासाहून जास्त उशीर झाला तर 100 रुपये आणि दोन तासांहून जास्त झाला तर 250 रुपये, अशी योजना होती. फेब्रुवारी 2024 मध्ये ती बंद झाली.

मे 2017 पासून कोकणात धावणारी मुंबई-मडगाव तेजस आयआरसीटीसीची नाही, ती रेल्वे स्वतः चालवते. त्या गाडीला ही योजना कधीच लागू नव्हती. जून 2023 मध्ये सुरू झालेल्या मुंबई-मडगाव वंदे भारतलाही नाही. आणि या दोन्ही गाड्या पूर्ण आरक्षित असल्याने मासिक पास तिथे चालतच नाही.

आरक्षित तिकीट असेल तर: तीन तासांचा नियम

रोजचा पासधारकही गणपतीत किंवा मे महिन्यात आरक्षित तिकीट काढून मुंबईला जातोच. तेव्हा त्याला 2015 चे परतावा नियम लागू होतात आणि ते पासापेक्षा खूप उदार आहेत.

ज्या स्टेशनवरून प्रवास सुरू होतो तिथे गाडी वेळापत्रकापेक्षा तीन तासांहून जास्त लेट असेल आणि प्रवाशाने प्रवास करायचा नाही असे ठरवले, तर पूर्ण भाडे परत मिळते. रद्द करण्याचे शुल्क कापले जात नाही. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो की वेटिंगचे. अट एकच, पण ती कडक आहे: खिडकीवरचे तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी परत करायचे, ई-तिकीट असेल तर गाडी सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा. गाडी गेल्यावर भरलेल्या अर्जाला अर्थ उरत नाही. म्हणून स्टेशनवर बसून "बघू, येईल" म्हणत थांबण्याआधी निर्णय घ्यावा. जायचे नसेल तर टीडीआर तिथेच, फलाटावरून भरून टाकावा.

इथे दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली: तीन तास मोजायचे ते चढण्याच्या स्टेशनवर, उतरण्याच्या नव्हे. तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीहून वेळेवर सुटली आणि दादरला चार तास उशिरा पोचली, तर या नियमाने काही मिळत नाही, कारण प्रवास झालेला आहे. दुसरी: उशीर कोणत्या वेळापत्रकापासून मोजायचा? कोकण रेल्वेवर पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते. पूर्वी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असे चाले. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असे होते. या काळात गाड्या मुद्दामच हळू चालवतात.

त्याला तशीच कारणे आहेत. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कारवार-मुंबई गाडी रुळावर आलेल्या दरडीवर आदळली आणि 51 जण गेले. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच प्रकारे घसरली. तेव्हापासून पावसाळ्यात वेग कमी ठेवतात, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी 40 किलोमीटरवर आणतात. तिकीट महिनाभर आधी काढलेले असेल तर निघायच्या आदल्या दिवशी नवी वेळ पाहून घ्यावी. जुन्या वेळेवरून मोजलेला 'उशीर' कुठल्याच दारात चालत नाही.

गाडी मुळातच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात. टीडीआर भरावा लागत नाही. खिडकीवरचे तिकीट मात्र नियोजित वेळेपासून तीन दिवसांत परत करावे लागते. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल घुसला, त्यानंतर आठवडाभरातच खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि मार्ग दिवसभर ठप्प झाला. अशा वेळी गाडी वाटेतच थांबवून पुढचा प्रवास रद्द केला आणि रेल्वेने पर्यायी सोय केली नाही, तर झालेल्या प्रवासासकट पूर्ण भाडे परत मिळू शकते. रेल्वेने बस किंवा दुसरी गाडी दिली आणि प्रवाशाने ती नाकारली, तर फक्त न झालेल्या प्रवासाचे पैसे मिळतात.

जोडगाडी चुकण्याचा प्रश्नही कोकणात नेहमीचा. कुडाळहून ठाणे-कल्याण गाठून पुढे नाशिक किंवा नागपूरची गाडी पकडणाऱ्याने दोन्ही तिकिटे एकमेकांना जोडून घ्यावीत. 1 एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय आहे. दोन्ही तिकिटांवरची नावे सारखी हवीत आणि पहिल्या प्रवासाचे शेवटचे स्टेशन हेच दुसऱ्याचे पहिले हवे. मग पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे शुल्क न कापता मिळतात. पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांत मागणी करायची. तिकिटे न जोडता वेगवेगळी ठेवली तर हा हक्क हातातून जातो.

ई-तिकिटासोबत 45 पैशांत मिळणारा विमा हा उशिराचा विमा नाही, हेही ध्यानात ठेवावे. तो अपघातातील मृत्यू, अपंगत्व आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी आहे. पासधारकाला तो मिळतच नाही.

अपघाताच्या भरपाईत मात्र पासधारक कुठेही कमी पडत नाही. रेल्वे कायद्यात वैध पास असलेली व्यक्ती प्रवासीच मानली जाते. गाडीतून पडण्यासारख्या दुर्घटनेत मृत्यू झाल्यास 8 लाख रुपयांची भरपाई आहे आणि त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात अर्ज करावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले

आता मूळ प्रश्न: प्रवास झाला, पण उशिराने नुकसान केले. इथे आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2021 च्या निकालाचा. न्या. एम. आर. शहा आणि न्या. अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठापुढे उत्तर पश्चिम रेल्वेचे अपील होते.

प्रकरण साधे होते. राजस्थानातल्या एका कुटुंबातले चौघे 11 जून 2016 रोजी अजमेर-जम्मू एक्सप्रेसने निघाले. गाडी जम्मूला सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी पोचायची होती. श्रीनगरचे विमान दुपारी 12 चे होते. गाडी पोचली 12 वाजता. विमान गेले. चौघांनी टॅक्सी केली, त्याचे 15,000 रुपये पडले. दाल सरोवरातल्या बोटीसाठी भरलेले 10,000 रुपये बुडाले. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने हे दोन्ही खर्च, शिवाय मनस्तापासाठी 5,000 आणि दाव्याच्या खर्चासाठी 5,000 देण्याचा आदेश दिला. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर तो टिकला आणि सर्वोच्च न्यायालयातही.

रेल्वेचे म्हणणे होते की गाडी वेळेवर पोचेल अशी हमी आपले नियम देत नाहीत, त्यामुळे उशीर ही सेवेतली त्रुटी ठरत नाही. न्यायालयाने ते मानले नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला, हे रेल्वेने पुराव्यानिशी सांगितले पाहिजे. ते सांगितले नाही तर भरपाई द्यावी लागेल. त्या प्रकरणात रेल्वेने उशिराचे कारणच मांडले नव्हते. प्रवाशाचा वेळ मोलाचा आहे आणि सार्वजनिक वाहतुकीला खासगी कंपन्यांशी स्पर्धा करायची असेल तर कामाची पद्धत सुधारावी लागेल, असेही न्यायालयाने सुनावले.

2023 मध्ये केरळात एर्नाकुलमच्या जिल्हा आयोगाने याच वाटेने पाऊल टाकले. 2018 मध्ये चेन्नईला कंपनीच्या बैठकीला निघालेल्या एका प्रवाशाची गाडी तब्बल 13 तास लेट झाली. आयोगाने रेल्वेला एकूण 60,000 रुपये द्यायला लावले.

दोन्ही निकालांत एक समान धागा आहे. तक्रारदाराकडे नेमका खर्च किंवा नेमके नुकसान होते, आणि रेल्वेकडे पटणारे कारण नव्हते. अलवरच्या कुटुंबाने गाडी आणि विमान यांत जवळजवळ चार तासांचे अंतर ठेवले होते, हेही विसरू नये. पेडण्याला उतरून मोपाच्या विमानतळावर जाणाऱ्याने गाडी आणि विमान यांत तासाभराचेच अंतर ठेवले असेल, तर "तुम्ही स्वतः किती काळजी घेतली?" हा प्रश्न येणार.

आणि दरड? मोठी दरड आली, बोगद्यात पाणी शिरले, तर रेल्वेला कारण दाखवणे सोपे आहे. अशा दिवशी तिकिटाचा परतावा मिळेल, पण नुकसानभरपाईचा दावा टिकणे अवघड. पण कोरड्या जानेवारीत, लख्ख उन्हात गाडी तासभर लूप लाइनवर उभी राहिली, तर कारण रेल्वेलाच सांगावे लागते. रोह्यापासून वीरपर्यंतचा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुपदरी झाला. सिंधुदुर्गातून जाणारा मार्ग अजून एकेरीच आहे. समोरून वंदे भारत किंवा राजधानी येत असली की साध्या गाडीला क्रॉसिंगला थांबवतात. एकेरी मार्ग ही रेल्वेला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि वेळापत्रक तीच धरून बनवलेले असते, हा मुद्दा तक्रारदाराने ठासून मांडावा.

पुरावा त्याच दिवशी

उशिराची तक्रार टिकते किंवा पडते ती पुराव्यावर, आणि तो नंतर जमवता येत नाही.

पास आणि ओळखपत्र वैध असावे. ज्या गाडीने गेलो त्या गाडीला पास चालतो की नाही, हे आधी पाहावे. कोकणकन्या 2022 पासून सुपरफास्ट आहे. सुपरफास्ट गाडीसाठी पासावर अधिभार भरलेला हवा. तो नसताना केलेल्या प्रवासाच्या जोरावर भरपाई मागायला गेले तर उलटा दंडाचा विषय निघेल. पास संपला की फेकून देण्याची सवय असते. तक्रार करायची असेल तर जुना पास जपून ठेवावा. मोबाइलवरचा पास असेल तर त्याचे चित्र वेगळे साठवावे.

गाडी लेट आहे हे कळताच एनटीईएस ॲपवर किंवा कोकण रेल्वेच्या संकेतस्थळावर गाडीची स्थिती उघडावी आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. पोचल्यावर आणखी एक. फलाटावरच्या फलकाचा फोटो घेतला तर उत्तम.

त्यानंतर 139 वर किंवा रेल मदद ॲपवर तक्रार नोंदवावी. उत्तर काय येते यापेक्षा तक्रारीचा क्रमांक महत्त्वाचा, कारण त्यावर तारीख असते आणि ती तारीख पुढे कुणाला नाकारता येत नाही. स्टेशनमास्तरकडे लेखी अर्जही द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. मजकूर चार ओळींचा पुरे: "दिनांक अमुक रोजी गाडी क्रमांक अमुक, कुडाळ ते मडगाव, माझा पास क्रमांक अमुक. गाडीची मडगावला पोचण्याची वेळ अमुक, प्रत्यक्ष पोचली अमुक वाजता. उशिराचे कारण आणि प्रत्यक्ष वेळ यांची लेखी नोंद मला द्यावी, ही विनंती." जपानमध्ये रेल्वे कंपन्या अशा उशिराचे दाखले स्टेशनवर आणि संकेतस्थळावर सहज देतात, पैसे नाहीत, पण कामावर दाखवायला कागद मिळतो. आपल्याकडे तो मागून घ्यावा लागतो.

नुकसानीचा पुरावा वेगळा. पगार कापला असेल तर हजेरीपत्रक किंवा पगाराच्या चिठ्ठीवरची 'हाफ डे'ची नोंद. शक्य असेल तर मालकाचे किंवा व्यवस्थापकाचे दोन ओळींचे पत्र. रात्री कुडाळला गाडी उशिरा लागली, मालवणची शेवटची एसटी गेली आणि रिक्षा करावी लागली, तर रिक्षावाला बिल देणार नाही हे गृहीत धरावे. पैसे यूपीआयने द्यावेत आणि शेऱ्याच्या जागी 'रेल्वे लेट, कुडाळ ते मालवण' असे लिहावे. ती नोंद बँकेच्या उताऱ्यावर कायम राहते. तारकर्लीच्या स्कूबाचे किंवा निवासाचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले असतील, तर आरक्षणाची पावती आणि 'पैसे परत नाहीत' हे सांगणारा संदेश जपून ठेवावा.

एका दिवसाचे नुकसान लहान असते. म्हणून रोजच्या पासधारकाने एक साधी वही ठेवावी: तारीख, गाडी, ठरलेली वेळ, पोचलेली वेळ, परिणाम. तीन महिन्यांची अशी वही आयोगापुढे तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा फार जड पडते.

आणि कारण कळायचे कसे? माहिती अधिकारातून. कोकण रेल्वे महामंडळ या कायद्याखाली येते. मुख्यालय बेलापूर भवन, नवी मुंबई. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्न नेमका विचारावा: अमुक तारखांना अमुक गाडी अमुक स्टेशनवर ठरलेल्या आणि प्रत्यक्ष किती वाजता आली, ती कुठे किती मिनिटे थांबवली आणि त्याचे नोंदवलेले कारण काय. "गाड्या नेहमी लेट का असतात?" असा प्रश्न विचारला तर उत्तरही तितकेच मोघम येते.

दार कोणते, विरुद्ध पक्ष कोण

भाडे परत मिळण्याचा वाद असेल तर रेल्वेचे परतावा कार्यालय, आणि तिथे दाद मिळाली नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. पार्सलचे नुकसानही तिथेच; पण माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी दावा दिलेला असला पाहिजे. मालवणहून मासळी किंवा देवगडहून आंबा पार्सलने धाडणाऱ्यांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

उशिरामुळे झालेल्या नुकसानीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी बोरिवलीत लेट झाली असो की मडगावात, मालवणच्या माणसाला ओरोसच्या सिंधुदुर्गनगरीतच दाद मागता येते. घेतलेल्या सेवेची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षे. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करता येतो.

विरुद्ध पक्ष म्हणून कुणाचे नाव घालायचे, इथे बरेच जण चुकतात. कोकण रेल्वे ही रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत. रोह्याच्या उत्तरेला मध्य रेल्वे. मुंबईहून येणारी गाडी पनवेलला रखडली असेल तर कोकण रेल्वे बोट तिकडे दाखवणार, आणि मध्य रेल्वे इकडे. म्हणून उशीर कुठे झाला हे माहिती अधिकारातून नक्की झाले नसेल तर दोघांनाही पक्ष करावे. त्याआधी दोघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यावी. कायद्याने ती सक्तीची नसली तरी आयोगापुढे तिचे वजन पडते.

मागणी मोजून करावी. 600 रुपयांची रिक्षा आणि कापलेला 400 रुपये पगार यांसाठी 5 लाख मागितले तर खऱ्या मागणीचेही हसे होते. प्रत्यक्ष नुकसान, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च असे तीन वेगळे आकडे लिहावेत आणि पहिल्यासमोर पावती जोडावी.

एकट्याने की मिळून?

हजार रुपयांसाठी ओरोसला चकरा मारणे एकट्याला परवडत नाही, आणि रोज कामावर जाणाऱ्याला तर मुळीच नाही. कायद्याने यावरही उपाय दिला आहे. सारखेच गाऱ्हाणे असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करू शकतात. प्रवासी संघटना नोंदणीकृत असेल तर ग्राहक संघटना म्हणून तीही तक्रार करू शकते. सावंतवाडी-मडगाव मार्गावरचे तीस पासधारक आपापल्या वह्या घेऊन एकत्र आले, तर तारखा एकमेकींशी जुळतात, आणि एकाच गाडीचा रोजचा उशीर हा योगायोग नसून पद्धत आहे, हे आपोआप दिसते.

पासधारकांना भरपाई देण्याची प्रथा रेल्वेला अगदीच अपरिचित नाही. 2020 च्या टाळेबंदीत मुंबईच्या लोकल सर्वसामान्यांसाठी बंद राहिल्या. त्यानंतर लोकलने प्रवासाची मुभा मिळालेल्यांच्या पासांची वाया गेलेली मुदत मध्य आणि पश्चिम रेल्वेने वाढवून दिली. कोकणातल्या पासधारकांनी हीच मागणी धरावी: दरड, बोगदा किंवा दुरुस्तीमुळे गाडी जितके दिवस बंद, तितके दिवस पासाची मुदत पुढे. यात रेल्वेच्या खिशातून रोख जात नाही, त्यामुळे नकार देणेही तिला जड जाते. ही मागणी स्टेशनमास्तरच्या तक्रारवहीत लिहिण्यापेक्षा कोकण रेल्वेच्या वापरकर्ता सल्लागार समितीकडे आणि बेलापूरच्या वाणिज्य विभागाकडे, पासधारकांच्या सह्यांसह, तारखांच्या तक्त्यासह पाठवावी. प्रत खासदारांच्या कार्यालयात द्यावी. पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होते. त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये ही पत्रे पोचली तर त्या मोसमासाठी काही ठरवायला रेल्वेला वेळ मिळतो.